पिवळ्याला थांबणारा एकटाच

झेंडेबाई मुळात पडदे शिवणारी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लोक तिच्याबद्दल बोलताना शर्यतीपासून सुरुवात करतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाई म्हणजे कुणी तरी जबरदस्त असणार, अंगात चामड्याचं जाकीट, डोळ्यांवर काळा चष्मा. तसलं काही नाही. ठेंगणी, रुंद, दंडाला कायम धागे चिकटलेले आणि ओठांत टाचण्या. टाचण्या न काढताच ती गिऱ्हाइकाशी बोलायची. त्यामुळं गिऱ्हाइकाला निम्मं कळायचं, निम्मं तो कापडाकडं बघून समजून घ्यायचा.

दुकान सरळसोट मोठ्या रस्त्याला लागून. पुढं काचेत नमुन्याचे पडदे, मागं शिलाईची खोली. खोलीत माणूस आडवा झोपेल एवढं टेबल, त्याखाली चिंध्यांचं पोतं, भिंतीवर पितळी कड्यांच्या माळा. भारी पडद्याच्या खालच्या दुमडीत शिशाचे मणी शिवतात, म्हणजे पडदा वाऱ्यानं उडत नाही, गुमान लोंबत राहतो. त्या मण्यांपायी बाई शर्यतीत गेली.

वस्तीबाहेर मोटरसायकली पळवायचा ट्रॅक आहे. तिथल्या साहेबांनी दुकानात झेंडे शिवायला टाकले. आधीचे झेंडे ऐन वेळी काठीलाच गुंडाळून बसायचे. बाईनं प्रत्येक झेंड्याच्या मोकळ्या कोपऱ्यात एक मणी शिवला. मनगटानं झटका दिला की झेंडा फाडकन उघडायचा. ते दाखवायला ती स्वतः ट्रॅकवर गेली, आणि नेमका त्या दिवशी वळणावरचा एक माणूस आलेला नव्हता.

"बाई, तुम्हाला उघडता चांगला येतोय," साहेब म्हणाले. "उभ्याच राहा की आजचा दिवस."

ती उभी राहिली ती राहिलीच. आठवडाभर पडदे, रविवारी झेंडे. बाजारात तिचं नाव झेंडेबाई पडलं.

वळणावर तिच्या जोडीला चित्रकलेचे निवृत्त मास्तर. काम दोघांचं. एकानं येणाऱ्या गाड्यांकडं बघायचं, दुसऱ्यानं गेलेल्या गाड्यांकडं, आणि कुणीही डांबरावर पाय ठेवायचा नाही. पिवळा झेंडा दाखवला की पुढं काही तरी घोळ आहे असं समजून गाडीवाल्यानं मूठ ढिली करायची आणि कुणाला मागं टाकायचं नाही. एवढंच. पण पहिल्यांदा तिनं तो उघडला तेव्हा तो हातात तसाच धरून ती बघत राहिली. अंगावर येणारी ती धुडं एकदम, एका माळेत ओवल्यासारखी, हळू झाली. मागची, त्याच्या मागची, सगळी.

"मास्तर, बघितलंत का?" ती म्हणाली. "घरी मी घसा फोडला तरी कुणी पंखा बंद करत नाही."

"घरी झेंडा नेऊन बघा," मास्तर म्हणाले.

त्याच दिवशी एक जण पडला. पडला म्हणजे काय, गाडी एकीकडं आणि तो धान्याच्या पोत्यासारखा घसरत खडीच्या पट्ट्यात. बाईनं डोळे मिटले. उघडले तेव्हा तो उठून ढुंगण झाडत होता आणि गाडीला शिव्या देत होता. रुग्णवाहिका इंजिन चालू ठेवूनच उभी होती, ती तशीच उभी राहिली. बाईला हे काही केल्या उमगेना. रस्त्यावर सायकलवरून पडलेला माणूस महिनाभर अंथरुणात असतो आणि हा इतक्या वेगात आपटून चहा मागतोय?

"पडायला जागा ठेवलीय ना इथं," मास्तर म्हणाले. "रस्त्यावर पडायची सोय कुठं असते? खांब असतो, कठडा असतो, कुणाची तरी आई असते."

आता भाच्याकडं येऊ. थोरल्या बहिणीचा मुलगा. लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या बोगद्यात वर-खाली करून आलेला माणूस संध्याकाळी आडवा पळायला बघतो, असं बाई म्हणायची. तर हा संध्याकाळी पेट्रोल पंपापासून पुलापर्यंत मित्रांशी शर्यत लावायचा. त्यातला खास मित्र सलूनवाला. भाच्याचे केस तोच कापायचा आणि शर्यतीत मागं पडला की पुढच्या खेपेला मुद्दाम कानाशी जास्त कापायचा.

थोरलीनं बाईसमोर रडून घेतलं. बाई म्हणाली, "ताई, मी नेते त्याला ट्रॅकवर. खाज असेल तर तिथं भागेल. रस्त्यावर पळायची गरज उरणार नाही."

नेलं. भाच्यानं रीतसर शिकून पास काढला. हेल्मेट तपासून घेतलं, अंगाला चामड्याचा सूट चढवला, आणि बघता बघता ट्रॅकवरचा सगळ्यात सरळ गाडीवाला झाला. पळण्यात मधला, सहावा-सातवा यायचा. पण झेंडा पाळण्यात पहिला. पिवळा दिसला की बाकीचे एक क्षण विचार करतात, याचा हात आधी ढिला पडतो, डोकं मागनं येतं. साहेब बाईला म्हणाले, "तुमचा भाचा झोपेतसुद्धा पिवळा चुकायचा नाही."

बाई तरंगत घरी आली. थोरलीला सांगितलं, "बघ, सुधारला."

आणि मग एका संध्याकाळी ती काचेतला पडदा बदलत असताना समोरून दोन गाड्या गेल्या. काच थरथरली. पहिल्या गाडीवरच्याचा डावा खांदा जरा खाली झुकलेला. हेल्मेटमध्ये तोंड कुणाचंही असो, तो खांदा तिनं लहानपणी न्हाऊ घातला होता.

दुसऱ्या दिवशी भाचा दुकानात चहाला आला. बाईनं तोंडातल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. हे क्वचित व्हायचं.

"काल रस्त्यावर तूच ना?"

"कोण म्हणतं?"

"माझे डोळे म्हणतात. अरे, ट्रॅक दिलाय ना तुला? तिथं उधळ की काय उधळायचं ते."

त्यानं पेल्यात बघत सांगितलं, "मावशी, तिथं मी सातवा असतो."

"मग?"

"इथं पहिला असतो."

तिनं उगाच कापड मोजायची फीत गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. "सांगते साहेबांना," ती शेवटी म्हणाली.

"सांग. नियम माहीत आहे ना? रस्त्यावर शर्यत लावली तर ट्रॅकचा पास कायमचा बंद. मग माझ्याकडं उरतो फक्त रस्ता. तूच ठरव."

तो चहा संपवून गेला, आणि बाई तिथंच बसली. सांगावं तर हा ट्रॅकवरून हाकलला जाणार आणि सगळा वेग रस्त्यावर येणार. गप्प बसावं तर रविवारी शहाणा आणि इतर दिवशी येडा. नियम ज्यानं केला त्यानं हा विचार केला होता की नाही, हेही तिला कळेना. पोराचा जीव राखायचा तर सांगायचं की लपवायचं?

रविवारी तिनं मास्तरांना विचारलं, "समजा, एखादा ट्रॅकवाला रस्त्यावर पळतो."

"तुमचा भाचा?"

"अहो नाही, समजा."

"समजलो. भाचा नाही. मग?"

"सांगावं का?"

मास्तरांनी गाड्यांवरची नजर न हलवता उत्तर दिलं. "सांगितलं तर रस्त्यावर मरेल. नाही सांगितलं तरी रस्त्यावरच मरेल, पण मधल्या रविवारी इथं जरा जगेल."

"हे काय उत्तर झालं?"

"बाई, मी चित्रकला शिकवायचो."

बाईनं सांगितलं नाही. तसं ठरवलं होतं असं नव्हे. सांगायचं राहत गेलं.

साहेबांनी नवे झेंडे मागवले होते. ते शिवून टेबलावर काठीसकट तयार पडले होते. दुकान बंद करायची वेळ झालेली, उजेड अजून होता. बाई पायरीवर केर काढत होती तेव्हा पंपाकडून तो आवाज उठला. भिंतीमागं कुणी कापड फाडत यावं तसा. आणि त्याच वेळी दुकानापलीकडच्या फर्निचरवाल्याच्या आवारातून त्याचा बंद टेम्पो मागं मागं येत रस्त्यावर निघाला. आवाराला उंच भिंत. टेम्पोवाल्याला रस्ता दिसत नव्हता, रस्त्यावरच्याला टेम्पो दिसत नव्हता. दोन्ही दिसत होतं ते एकट्या बाईला.

दुसरी कुणीही बाई ओरडली असती, टेम्पोवर थापा मारायला धावली असती. झेंडेबाई आत धावली आणि पिवळा झेंडा घेऊन आली. का, ते तिला आजही नीट सांगता येत नाही. आठवड्यामागून आठवडे तिच्या हाताला एकच सवय लागलेली: पुढं घोळ दिसला की पिवळा. तिनं रस्त्यावर पायसुद्धा ठेवला नाही. तोही नियमच. कडेला उभी राहिली, मनगट झटकलं, आणि झेंडा फाडकन उघडला.

भाचा पुढं होता. त्यानं पिवळा बघितला आणि मूठ सोडून ब्रेक दाबला. जसा ट्रॅकवर दाबायचा तसाच, एका क्षणात, विचार न करता.

मागं सलूनवाला होता. त्यानं काहीच सोडलं नाही.

धडकेचा आवाज झाला तो बाईला पुढं कितीही आठवून आठवेना. आठवायची ती शांतता. भाचा गाडीखाली, मांडी मोडलेली. सलूनवाला उडून दुभाजकाच्या कठड्यावर, उजवा हात खाली सापडलेला. खडीचा पट्टा नाही, इंजिन चालू ठेवलेली गाडी नाही. फर्निचरवाल्याच्या आवारातल्या माणसांनी एक दार उचकटून आणलं आणि त्यावर घालून दोघांना सावलीला नेलं. बाई झेंडा हलवत तशीच उभी होती. मागनं येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवत, वाट काढत, डोकावत पुढं जात होत्या. एकही हळू झाली नाही.

टेम्पोवाला डोकं धरून सांगत होता, "मी थांबलोच होतो हो. आरशात बघितलं आणि थांबलोच होतो. नुसतं शेपूट बाहेर होतं."

म्हणजे झेंडा नसता तर दोघं शेपटाशेजारून निघून गेले असते? की शेपटात घुसले असते? बाईनं नंतर त्या जागी जाऊन टेम्पो किती बाहेर होता ते आठवून बघितलं. कधी तिला वाटायचं, रस्ता भरपूर होता. कधी वाटायचं, कुत्रंसुद्धा गेलं नसतं.

पोलिसांनी भाच्याला विचारलं, एकदम का थांबलास? त्यानं सांगितलं, "कुत्रं आडवं आलं." शर्यतीचं दोघांनीही तोंडातून काढलं नाही.

दवाखान्यात थोरली बाकावर बसलेली. बाई शेजारी बसली तशी ती सरकली. "तिथं भागेल म्हणालीस. भागली का खाज?"

"ताई, तिथं तो नीट—"

"तिथलं मला सांगू नको. तिथं पळायला शिकला आणि इथं पळाला. तुझ्यापायी जास्त जोरात पळाला."

यावर बाईकडं उत्तर होतं की तो तिथं थांबायलाही शिकला. पण थांबल्यामुळंच तर तो आत खाटेवर होता.

भाचा पाय टांगून पडलेला. कुणी नाही बघून तिनं विचारलं, "कुत्रं कशाला म्हणालास रे?"

"मग काय सांगू? मावशीनं झेंडा दाखवला म्हणून? हसले असते."

"माझं चुकलं का?"

तो छताकडं बघत म्हणाला, "पिवळा होता. पिवळा दिसल्यावर दुसरं काय करणार?" मग जरा वेळानं, "तू बरोबर दाखवलास. मी बरोबर थांबलो. मग असं कसं झालं, तेच मला कळत नाहीये."

दोघांनाही कळत नव्हतं. ती सफरचंद सोलत बसली.

सलूनवाल्याकडं जायला तिला बरेच दिवस लागले. सलून उघडं होतं, खुर्चीवर गिऱ्हाईक होतं, पण कात्री त्याच्या धाकट्या भावाच्या हातात. तो स्वतः कोपऱ्यातल्या स्टुलावर, उजव्या हाताची बोटं अर्धी वळलेली, पुढं वळत नाहीत अशी. डाव्या हातानं तो टॉवेलच्या घड्या घालत होता.

"या मावशी. केस कापायचेत? भावाकडून कापून घ्या, मी नुसता बडबड करतो आता."

बाईनं एका दमात सांगून टाकलं. "कुत्रं नव्हतं. मी होते. मी पिवळा झेंडा दाखवला, म्हणून तो थांबला."

सलूनवाल्याची घडी अर्धी राहिली. "थांबा. तुम्ही होतात, हे तर मी बघितलं. पायरीजवळ."

"बघितलंस?"

"बघितलं ना. पिवळं कापड हातात." तो तिच्याकडं असा बघत होता की तिला त्याच्या तोंडावर राग आहे का काय आहे ते समजेना. "मला वाटलं, पडदा झटकताय."

कात्रीचा आवाज थांबला. आरशातलं गिऱ्हाईक हसलं आणि मग हसू नये हे लक्षात येऊन गप्प झालं.

"पिवळा म्हणजे थांबायचं असतं का?" सलूनवाल्यानं विचारलं.

"थांबायचं नाही. हळू व्हायचं. सगळ्यांनी."

"मला कुणी सांगितलंच नाही." तो स्वतःची बोटं बघत म्हणाला. "तो ट्रॅकच्या गप्पा मारायचा, पण झेंड्याचं कधी बोलला नाही. त्यात काय सांगायचं, असं वाटलं असेल त्याला."

बाई तिथून निघाली ती घरी गेली नाही, सरळ ट्रॅकवर गेली. साहेब कचेरीत हेल्मेटचे पट्टे तपासत होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं: पंप, पूल, सातवा आणि पहिला, टेम्पो, झेंडा, कुत्रं. कुठंही मीठमिरची नाही.

साहेबांनी पट्टा खाली ठेवला. "मग पास बंद करावा लागेल त्याचा."

"माहीत आहे. म्हणून इतके दिवस सांगितलं नाही."

"मग आता का सांगताय?"

"आता दोन्हीकडून वाटोळं झालंय म्हणून." ती खुर्ची ओढून बसली. "पण साहेब, एक सांगा. त्या रस्त्यावर इतकी माणसं होती, झेंड्याला थांबला तो एकटाच. त्यालाच तुम्ही बाहेर काढणार?"

"रस्त्यावर शर्यत लावली ना त्यानं?"

"लावली."

"मग?"

"मग बरोबरच आहे," बाई म्हणाली. "पण चुकीचंही वाटतंय."

साहेबांनाही तसंच काही वाटत असावं, कारण त्यांनी तोच पट्टा परत उचलून परत तपासला. "इथं पिवळा चालतो कारण मागच्याला ठाऊक असतं की पुढचा हळू होणार. हा त्या रस्त्यावर इथल्यासारखा थांबला, मागचा तिथल्यासारखा पळत राहिला. दोघांतला एक जण जरी त्या वेगात नसता…"

"आणि मला काय शिक्षा?"

"रस्त्यावर झेंडा दाखवल्याबद्दल नियमात काही नाही."

"असं कसं? काही तरी असेल."

"नाही बाई. रविवारी या. माणसं कमी आहेत."

शिक्षा नाही हे ऐकून तिला हलकं वाटायला हवं होतं. ती जड होऊन घरी आली. पास बंद झाल्याचं तिनं स्वतः भाच्याला सांगितलं. तो ओरडला नाही. "बरं," एवढंच म्हणाला, आणि पुढचे बरेच दिवस दुकानात चहाला आला नाही. मांडी जुळली, काठी सुटली, तो पुन्हा लिफ्टच्या कामाला जाऊ लागला, हे तिला थोरलीकडून कळायचं. गाडी दुरुस्त करून आणल्याचंही थोरलीकडूनच कळलं.

"कामावर जायला हवी म्हणतो," थोरली म्हणाली. "तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं? मला आता वाटून काही उपयोग होत नाही."

मागच्या रविवारी ती वळणावर उभी होती. तोंड ट्रॅककडं, पाठ कुंपणाच्या भिंतीकडं. भिंतीपलीकडून वस्तीकडं जाणारा रस्ता आहे. दोन फेऱ्यांच्या मधली वेळ, ट्रॅक रिकामा. मास्तर टोपी काढून डोकं पुसत होते.

भिंतीमागून एका गाडीचा आवाज आला. चढत चढत आला, अगदी पाठीला भिडला. बाईचा खांदा फिरायला लागला, पण जागा सोडायची नाही आणि तोंड फिरवायचं नाही हा नियम. ती तशीच उभी राहिली, डोळे मोकळ्या डांबरावर आणि कान मागं.

मग आवाज उतरत गेला.

"मास्तर," तिनं विचारलं, "हळू झाला की लांब गेला?"

मास्तरांनी कानाशी हात नेला, बराच वेळ ऐकलं. "दोन्हींत आवाज सारखाच उतरतो हो बाई," ते म्हणाले.

समोर पुढच्या फेरीच्या गाड्या सुटल्या आणि मग काहीच ऐकू येईना.